रंगद्रव्यातून वीज : अल्कोहोल इंधनघटाचे अर्थकारण

जयपूरलगतचे सांगानेर कापडछपाईसाठी प्रसिद्ध आहे. कापडावरील फिरोजी छटेसाठी आज वापरल्या जाणाऱ्या अनेक रंगांचा गाभा तांब्याचे थॅलोसायनिन हा असतो. तांब्याऐवजी कोबाल्ट किंवा लोह केंद्रस्थानी असलेला हाच रेणू उत्प्रेरकाचे काम करतो. कोबाल्ट थॅलोसायनिन ऑक्सिजनचे क्षपण घडविते, हे जॅसिन्स्की यांनी १९६४ मध्ये दाखविले.

मिथेनॉल इंधनघटात मिथेनॉल व पाणी यांपासून कार्बन डायऑक्साइड, सहा प्रोटॉन व सहा इलेक्ट्रॉन मिळतात. ऋणाग्रावर ऑक्सिजन ते स्वीकारून पाणी बनवितो. प्रचलित घटांत दोन्ही अग्रांवर प्लॅटिनम लागते. अडचण अशी की, थोडे मिथेनॉल पटलातून झिरपून ऋणाग्रापर्यंत पोहोचते. प्लॅटिनम तेथे त्याचेही ऑक्सिडीकरण करते आणि घटाचे व्होल्टेज घसरते. थॅलोसायनिन मिथेनॉलला जवळजवळ दाद देत नाही. त्याचे खरे मोल येथे आहे. धनाग्रावर मात्र प्लॅटिनम-रुथेनियमची गरज उरतेच.

रंगद्रव्य स्वस्त म्हणून घटही स्वस्त, हा निष्कर्ष घाईचा ठरेल. आम्ल माध्यमात रेणूतील धातू हळूहळू सुटतो. कार्बनवर बसवून तापविल्यास टिकाऊपणा वाढतो. पण तीव्र उष्णतेत मूळ रेणू शाबूत राहत नाही. म्हणून खर्च प्रतिग्रॅम न मोजता, घटाच्या आयुष्यात मिळालेल्या प्रत्येक युनिट विजेमागे मोजावा लागतो. शिवाय २०२३ मध्ये केंद्र सरकारने जाहीर केलेल्या ३० महत्त्वपूर्ण खनिजांत प्लॅटिनम गटाबरोबर कोबाल्टही आहे. आयातीचे परावलंबन केवळ धातू बदलून संपत नाही. त्या दृष्टीने लोहाचे थॅलोसायनिन अधिक लक्षणीय ठरते.