जुन्या पिकअप गाडीचा टायमिंग पट्टा

माल बाजारी नेण्यासाठी जुनी पिकअप घेणाऱ्या शेतकरी बंधूंनी तिच्या टायमिंग पट्ट्याची चौकशी प्रथम करावी. (काही इंजिनांत पट्ट्याऐवजी साखळी अथवा दंतचक्रे असतात.) क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत कॅमशाफ्टचा एक फेरा करवून हा पट्टा झडपा वेळेवर उघडतो व मिटवितो. तो चालत्या गाडीत तुटल्यास डिझेल इंजिनाचे दट्टे झडपांवर आदळून त्या वाकतात. पट्टा बहुधा पूर्वसूचना न देता तुटतो. म्हणून माहितीपुस्तिकेत दिलेले किलोमीटर वा वर्षे, यांपैकी जे आधी भरेल तेव्हा तो बदलावा. पूर्वीची नोंद नसल्यास लगेच बदलावा.

बदलण्याची रीत :

१. इंजिन थंड असता बॅटरीची ऋण तार सोडवावी.

२. क्रँकशाफ्ट, कॅमशाफ्ट व डिझेल पंपाच्या चाकावरील खुणा जुळवूनच जुना पट्टा काढावा. नंतर ही चाके हलू देऊ नयेत.

३. ताण देणारी कप्पीही नवी बसवावी. तेलाची वा पाण्याची गळती आधी थांबवावी.

४. नवा पट्टा दुमडू नये. पुस्तिकेप्रमाणे ताण द्यावा.

५. क्रँकशाफ्ट पान्याने नेहमीच्या दिशेस दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा पुन्हा पाहाव्यात. अडथळा लागल्यास जोर करू नये. खुणा चुकल्या असे समजावे.

शेवटी तारीख व किलोमीटर लिहून ठेवावेत. हे काम हंगामापूर्वी, जाणत्या कारागिराच्या देखरेखीखाली उरकावे.