क्षय मागे राहिलेला नाही



गेल्या वर्षी आमच्या शेजारच्या मावशींचा खोकला सात आठवडे हटेना. वय 74, मधुमेह जुना. डॉक्टरांनी दोनदा अँटिबायोटिक दिले. चार दिवस बरे वाटायचे, पुन्हा तेच. कपडे सैल झाले, रात्री उशी घामाने भिजू लागली. मी विचारले, "मावशी, लहानपणी घरात कोणाला क्षय होता का?" सून स्वयंपाकघरात जाईपर्यंत त्या गप्प राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "बाबांना होता. पण कुणाला सांगू नकोस गं, नातीचं लग्न ठरायचंय."

डॉक्टरांना नेमके हेच ठाऊक नव्हते. थुंकी तपासली, जंतू सापडले.

1970 च्या दशकात मी शिवडीच्या क्षय रुग्णालयात परिचारिका होते. तेव्हा स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शने आणि मूठभर गोळ्या, असा उपचार दीड वर्ष चाले. इस्राएलला आल्यावर वाटले, हा रोग मागे राहिला. जगालाही तसेच वाटले होते. मग एड्स आला, कित्येक देशांनी क्षयावरचा खर्च कमी केला, आणि 1993 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेला आणीबाणी जाहीर करावी लागली. 2023 मध्ये सुमारे 1 कोटी 8 लाख लोकांना क्षय झाला, साडेबारा लाख दगावले. रोग्यांपैकी चौथ्या हिश्शाहून थोडे अधिक भारतातले.

जंतू शरीरात शिरला म्हणजे रोग झालाच असे नाही. तो वर्षानुवर्षे झोपून राहतो, आणि तोवर दुसऱ्याला लागत नाही. अशांपैकी शंभरांत पाच-दहा जणांनाच पुढे रोग होतो. पण मधुमेह, किडनीचा आजार, स्टिरॉइडच्या गोळ्या, सांधेदुखीवरची काही नवी इंजेक्शने यांनी तो जागा होतो. आपल्यातले ज्येष्ठ मुंबईच्या दाट वस्तीत वाढले आणि साखर तर घरोघरी आहे! म्हणून खोकला दोन आठवड्यांवर गेला की डॉक्टरांना आपण होऊन सांगा: मी भारतात वाढलो, घरात क्षय होता. इथल्या तरुण डॉक्टरांना ते सुचेलच असे नाही.

वायिक्राच्या 26 व्या अध्यायात शापांमध्ये 'शखेफेत' हा शब्द येतो. आजच्या हिब्रूत क्षयाला तोच शब्द आहे. म्हणून की काय, लोक नाव घ्यायलाही कचरतात. पण रॉबर्ट कॉखने 1882 मध्येच दाखवून दिले की हा जंतू आहे.

नेहमीच्या क्षयावर आता उपचार सहा महिन्यांचा: पहिले दोन महिने चार औषधे, मग दोन. बरे वाटले म्हणून मध्येच सोडलात तर जंतू औषधाला दाद देईनासा होतो. रिफॅम्पिसिनने लघवी नारिंगी होते, घाबरू नका. मात्र रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनचा आणि मधुमेहाच्या काही गोळ्यांचा असर ती कमी करते, तेव्हा चालू असलेली सगळी औषधे डॉक्टरांना दाखवा.

मावशींच्या सुनेने त्यांचे ताट-वाटी वेगळे काढले होते. मी ते परत मांडणीत ठेवायला लावले. क्षय भांड्यांतून पसरत नाही, खोकल्यातून हवेत जातो. खिडक्या उघड्या हव्यात, आणि घरातल्या सगळ्यांची तपासणी.

त्या तपासणीत नातीच्या शरीरात झोपलेला जंतू निघाला. तिने काही महिने प्रतिबंधक गोळ्या घेतल्या आणि मुलाकडच्यांना स्वतःच सांगून टाकले. त्यांनी एवढेच विचारले, आजींची तब्येत आता कशी आहे. मावशींच्या गोळ्या पुरीमच्या आधी संपल्या.