आजी-आजोबांचा फोन : एका ॲपच्या डिझाईनचा अभ्यास



प्रोजेक्टचे विषय ठरवायची वेळ आली की आपल्या होस्टेलवर दरवर्षी तीच नावं फिरतात. लायब्ररी मॅनेजमेंट, अटेंडन्स सिस्टीम, नाहीतर मेसच्या बिलाचं सॉफ्टवेअर! या लेखात मी एक वेगळा विषय मांडणार आहे : ज्यांना नीट दिसत नाही, ऐकू येत नाही, ज्यांचा हात थरथरतो किंवा लकव्यानंतर बोलता येत नाही, अशा म्हाताऱ्या माणसांसाठी मोबाईलवरचं संपर्काचं ॲप कसं डिझाईन करावं?

हा विषय आपल्या जिल्ह्याचा कसा, असं कोणी विचारेल. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला आपला हिंगोली जिल्हा. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ११ लाख ७७ हजार, त्यातले बहुतेक खेड्यांत. तरणी मुलं पुण्या-मुंबईला कामाला, काही घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला. मागे गावात कोण? म्हातारा-म्हातारी आणि एक मोबाईल. १० जुलै २०२४ ला सकाळी सव्वासातच्या सुमारास ४.५ तीव्रतेचा भूकंप जाणवला. अशा वेळी प्रत्येकाला आधी घरी फोन लावायचा असतो. पण पलीकडे फोन वाजलेला ऐकूच गेला नाही, किंवा उचलायचं बटण सापडलं नाही, तर कितीही भारी नेटवर्क काय कामाचं?

आता एकेक अवयव घेऊन बघू.

१) डोळे. वय वाढलं की डोळ्यातलं भिंग पिवळट होतं, मोतीबिंदू येतो. निळा आणि जांभळा रंग मंद दिसतो. आपल्याला मात्र पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं 'क्लासी' वाटतात! वेब कंटेंट ॲक्सेसिबिलिटी गाइडलाइन्स सांगतात की साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट किमान ४.५ : १ हवा. पांढऱ्यावर शुद्ध काळं म्हणजे २१ : १. मराठीची अडचण आणखी वेगळी. भ आणि म, घ आणि ध, १ आणि ९ यांतला फरक बारीक असतो. शिवाय मात्रा वर, उकार खाली. म्हणून ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त ठेवावं लागतं. कोडिंगमध्ये अक्षरांचं माप 'एसपी'त द्यायचं, म्हणजे फोनच्या सेटिंगमध्ये अक्षर मोठं केलं की ॲपमध्येही मोठं होतं.

२) कान. म्हातारपणी आधी जातो तो उंच पट्टीचा आवाज. बारीक 'टिंग टिंग' रिंगटोन आजोबांना ऐकूच येत नाही आणि आपण म्हणतो, "फोन उचलत नाहीत!" म्हणून रिंगटोन खालच्या पट्टीतली, सोबत जोरदार व्हायब्रेशन, आणि स्क्रीन किंवा फ्लॅश चमकावा. स, श यांसारखे आवाज उंच पट्टीतले, त्यामुळे 'सात' म्हटलं की 'हात' ऐकू येऊ शकतं. बोललेलं तेच मोठ्या अक्षरात आणि चित्रातही दाखवावं. याच्या उलट नुसतं दाखवूनही भागत नाही. जुलै २०२३ मध्ये महाराष्ट्रात अनेकांच्या मोबाईलवर आपत्कालीन सूचनेची चाचणी झाली. भोंगा वाजला, खाली मजकूर आला. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी तो नुसता भोंगा. तो मजकूर फोनने मराठीत वाचून दाखवला पाहिजे.

३) हात. अँड्रॉइडची शिफारस आहे की दाबायची जागा किमान ४८ डीपी, म्हणजे साधारण ९ मिलिमीटर असावी. कंप असलेल्या हाताला तेवढंही पुरत नाही. एका स्क्रीनवर चारच मोठी बटणं ठेवा. स्वाइप नको, लाँग प्रेस नको. थरथरत्या बोटाने एकाच जागी तीनदा टच होतो. इथे डिजिटल लॅबमधला 'डिबाउन्स' आठवा! स्विच दाबल्यावर संपर्क क्षणभर उसळतो, म्हणून आपण पहिला सिग्नल घेऊन पुढचे काही क्षण बाकीचे सोडून देतो. तेच इथे करायचं : पहिला टच घ्या, पुढचा अर्धा सेकंद दुर्लक्ष करा.

४) स्मरण आणि अक्षरओळख. माझी आजी शाळेत गेली नाही. तिच्या वहीत काकांच्या नंबरापुढे ट्रॅक्टर काढलेलाय, आत्याच्या नंबरापुढे विहीर. नाव वाचायची गरजच नाही! पुढे वाचताना कळलं की आयआयटी मुंबईत प्रा. अनिरुद्ध जोशी आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये याच दिशेने 'रांगोळी' नावाचं फोनबुक मांडलं होतं. त्यात कमी शिकलेल्या माणसाने नंबर नावाने नाही, तर रंग आणि चित्राने ओळखायचा. आपल्या ॲपमध्येही फोटो, रंग आणि चित्र हवं. आणि अपडेटनंतर बटणाची जागा बदलू नये. आपल्यासाठी तो नवा लूक, त्यांच्यासाठी हरवलेली वाट.

५) वाचा. लकव्यानंतर काहींना काय म्हणायचंय ते कळतं, पण शब्द फुटत नाही. याला अफेजिया म्हणतात. आयआयटी मुंबईच्याच आयडीसीमध्ये 'जेलो' हे चित्रांतून बोलणारं ॲप तयार झालं, मुख्यतः बोलता न येणाऱ्या मुलांसाठी, आणि ते मराठीतही आहे. तीच कल्पना आजोबांसाठी वापरता येईल : पाणी, दुखतंय, औषध, लघवीला जायचंय, आणि हो, "मला एकट्याला बसू द्या" हेसुद्धा! भाषा मात्र घरातली हवी. पुस्तकी 'वेदना होत आहेत' कोण बोलतं?

६) नेटवर्क. खेड्यात वीज जाते, रेंज जाते, फोन जुना असतो. म्हणून चित्रं आणि आवाज फोनमध्येच साठवावेत. इंटरनेट नसलं तर ॲपने साधा कॉल लावावा, तोही नाही झाला तर एसएमएस पाठवावा. ११२, रुग्णवाहिकेचा १०८ आणि ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७ हे नंबर आधीच भरून ठेवावेत.

आता सगळ्यात नाजूक मुद्दा. असं ॲप केलं की पुढची इच्छा होतेच : आजोबा कुठे आहेत ते मला दिसावं, त्यांचे कॉल मला कळावेत. काळजी कुठे संपते आणि पाळत कुठे सुरू होते? नातवाने पासवर्ड लावून बसवलेला फोन हा आजोबांचा फोन उरत नाही. माझ्या मते लोकेशन पाठवायचं की नाही हे बटण त्यांच्याच हातात असावं, आणि ते चालू असताना स्क्रीनवर स्पष्ट दिसावं. शरीर थकलं म्हणून माणसाचं मत थकत नाही.

शेवटी टेस्टिंग. आपल्या रूममेटने ॲप वापरून "मस्त!" म्हटलं तर त्याला टेस्टिंग म्हणत नाहीत. गावातल्या चार-पाच ज्येष्ठांकडे, त्यांच्या ओसरीवर, उन्हात, त्यांचाच चष्मा आणि त्यांचाच फोन घेऊन बसा. एकच काम सांगा : "मुलाला फोन लावा." मग हात मागे बांधून गप्प बघा. किती वेळ लागला, किती वेळा चुकीचं बटण दाबलं, कुठे थांबले, ते लिहा. थांबले ती जागा आपल्या डिझाईनची परीक्षा. त्यांना नापास करू नका, स्क्रीन दुरुस्त करा.

या प्रोजेक्टला मार्क किती मिळतील ते सरच जाणोत. पण व्हायवा संपला की बहुतेक प्रोजेक्ट सीडीत नाहीतर पेन ड्राइव्हमध्ये झोपी जातात. हा एक असा आहे, की जो उद्या कुठल्यातरी ओसरीवर वाजू शकतो. कोणाला गटात यायचं असेल तर रविवारी रीडिंग रूममध्ये भेटा. येताना लॅपटॉप नसला तरी चालेल, पण घरच्या म्हाताऱ्यांना फोनमध्ये नेमकं काय जमत नाही, ते विचारून या.