पत्रांची वर्गवारी : बटवड्याची पहिली पायरी

टपालाचा बटवडा म्हटला की खांद्यावर पिशवी घेऊन दारोदार जाणारा पोस्टमन डोळ्यांसमोर उभा राहतो. परंतु बटवड्याचे यशापयश तो कार्यालयाबाहेर पडण्यापूर्वीच, वर्गवारीच्या टेबलावर ठरत असते. तेथे चुकीच्या थप्पीत पडलेले पत्र त्या दिवशी घरी पोहोचत नाही. ते नोकरीच्या मुलाखतीचे असल्यास एका दिवसाचा विलंबही उमेदवाराचे कायमचे नुकसान करू शकतो.

पिन क्रमांकाचे कार्य

वर्गवारीचा पहिला टप्पा पिन क्रमांकावर आधारलेला आहे. ही पद्धत 15 ऑगस्ट 1972 रोजी सुरू झाली. तिचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातील वरिष्ठ अधिकारी व संस्कृतचे व्यासंगी लेखक होते. सहा अंकांपैकी पहिला अंक विभाग व दुसरा उपविभाग दर्शवितो. पहिले तीन अंक मिळून वर्गवारीचा जिल्हा, तर शेवटचे तीन अंक बटवडा करणारे टपाल कार्यालय कळते. पणजी 403001 व इंदूर 452001 हे एकाच विभागात येतात. बेळगाव 590001, वडोदरा 390001 व हैदराबाद 500001 हे त्या विभागात येत नाहीत. खानापूर हे नाव बेळगाव जिल्ह्यात आहे, तसेच सांगली जिल्ह्यातही आहे. नुसते ‘खानापूर’ लिहिलेले पत्र त्यामुळे भलत्याच वाटेला लागू शकते; पिन क्रमांकाच्या आरंभीचे 59 किंवा 41 हे अंक ती शंका तत्काळ दूर करतात.

बीटची जुळणी

पत्र बटवड्याच्या कार्यालयात पोहोचल्यावर पोस्टमनच्या बीटनुसार, म्हणजे ठरलेल्या फेरीनुसार, त्याची जुळणी करावयाची असते. नवशिक्याने पुढील क्रम अंगवळणी पाडावा.

1. सर्व पत्रे सुलट व एका दिशेला तोंड करून लावावीत.
2. प्रथम घर शोधू नये. केवळ आळी, वाडा किंवा गल्ली पाहून थप्प्या कराव्यात.
3. नंतर एकेक थप्पी घेऊन घरांप्रमाणे लावावी.
4. अखेरीस फेरीच्या क्रमाने थप्प्या एकत्र कराव्यात. पहिले घर वर, शेवटचे तळाशी.
5. पत्ता न उमगलेली पत्रे बाजूस ठेवून, शेवटी जाणत्या सहकाऱ्यास विचारावीत. एका पत्रासाठी सर्व काम थांबवू नये.

दोन टप्प्यांचा लाभ हिशेबाने पटतो. समजा, 120 पत्रे आहेत. प्रत्येक पत्र आधी लावलेल्या पत्रांशी एकामागून एक ताडून पाहत योग्य जागी घातले, तर सरासरीने सुमारे 3,570 वेळा ताडणी करावी लागेल. त्याच पत्रांच्या प्रत्येकी 12 पत्रांच्या 10 थप्प्या केल्या, तर थप्प्या करताना 120 वेळा पत्ता पाहणे व नंतर सुमारे 330 ताडण्या, एवढेच काम उरते.

येथे एक गोष्ट ध्यानी ठेवावी. घरक्रमांकांचा क्रम आणि चालण्याचा क्रम एकच असतो असे नाही. जुन्या वस्तीत मागाहून बांधलेल्या घराचा क्रमांक 210 असून ते 14 क्रमांकाच्या घराला लागून असू शकते. म्हणून जुळणी पायवाटेच्या क्रमाने व्हावी, आणि नव्या पोस्टमनने जाणत्या पोस्टमनबरोबर फेरी करून तो क्रम वहीत उतरवून घ्यावा.

सर्वांचा हातभार

ग्रामस्थांनी पत्त्यात वाडा, तालुका, जिल्हा व पिन क्रमांक सुवाच्य अक्षरात लिहावा. एकाच नावाच्या अनेक व्यक्ती असल्यास वडिलांचे नावही द्यावे. कार्यालयांनी नोटिसा व आदेश पाठविताना जुन्या नोंदवहीतील पत्ते वेळोवेळी तपासावेत. शिक्षकांनी वर्गात 30 कोऱ्या चिठ्ठ्यांवर काल्पनिक पत्ते लिहवून घेऊन, मुलांकडून प्रथम एका टप्प्यात व नंतर दोन टप्प्यांत त्यांची वर्गवारी करवावी. कोणती पद्धत वेळ वाचविते, हे मुले स्वतःच सांगतील. आणि पूर्ण पत्ता का लिहावा, हेही त्यांना वेगळे शिकवावे लागणार नाही.