काट्यावरच्या ट्रकांची रांग

हिंगणा, नागपूर

चि. ओंकार,

परवा फोनवर म्हणालास की तुमचा प्रोग्रॅम हिंजवडीत सुरळीत चालतो, पण गिऱ्हाइकाकडे गेला की मधेच गोठतो, आणि लॉगमध्ये एक ओळसुद्धा नसते. फोनवर नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहिते. मी गिऱ्हाइकाच्या बाजूची माणूस. पुण्यात बसून लिहिलेलं सॉफ्टवेअर इथे एमआयडीसीत कसं चालतं, ते मला रोज दिसतं.

मे महिन्यात वादळ आलं की आमच्याकडे लाइन जाते. संगणक यूपीएसवर तग धरतो, राउटर मात्र बंद पडून पुन्हा सुरू होतो. पोस्टग्रेस डेटाबेस मुंबईच्या क्लाउडमध्ये. गेटवर ट्रक वजनकाट्यावर उभा, ऑपरेटर 'सेव्ह' दाबतो आणि पडदा तसाच. तो पुन्हा दाबतो. मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवू लागतात. चूक दाखवणारी ओळ आली असती तर त्याने हाताने पावती फाडली असती. ओळच येत नाही, म्हणून तो वाट पाहत बसतो.

हे तुमच्या टेबलावर का घडत नाही? तुम्ही तपासताना पोस्टग्रेस बंद करता. सर्व्हर बंद असला तरी ते यंत्र जिवंत असतं. ते तत्काळ नकार कळवतं आणि प्रोग्रॅमला एरर मिळते. इथे नकार द्यायलाच कोणी नसतं. पाठवलेली पाकिटं वाटेत हरवतात आणि पलीकडून अवाक्षर येत नाही. नकार आणि मौन या दोन वेगळ्या घटना आहेत, आणि लायब्ररीची सेटिंग्ज मौनासाठी करायची असतात.

तू वापरतोस ती सायकोपीजी २ लायब्ररी खाली पोस्टग्रेसच्या लिबपीक्यूवर उभी आहे. लिबपीक्यूत कनेक्ट टाइमआउट तू दिला नाहीस तर तो नसतोच, मग ऑपरेटिंग सिस्टिम थकेल तेव्हा थकेल. पाच सेकंद दे. पण ही मर्यादा प्रत्येक पत्त्याला वेगळी लागते. दोन होस्ट लिहिलेस तर ऑपरेटर दहा सेकंद थांबेल, हे धरून चाल. शिवाय ती फक्त जोडणी होईपर्यंतची. एकदा जोडलं गेलं की पुढच्या मौनाशी तिचा संबंध नाही.

त्यासाठी कीपअलाइव्ह. लिबपीक्यूत ते आधीपासून चालू असतं, म्हणून बहुतेक जण निर्धास्त राहतात. पण पहिली चाचपणी किती वेळाने करायची हे लिबपीक्यू ऑपरेटिंग सिस्टिमवर सोडते, आणि तिथे आकडा असतो ७२०० सेकंद, म्हणजे दोन तास! मधली उपकरणं इतकी सहनशील नसतात. उदाहरणार्थ, ॲमेझॉनचं नॅट गेटवे ३५० सेकंद शांत राहिलेली जोडणी विसरून जातं. जेवणाच्या सुट्टीनंतरची पहिलीच पावती अडकते, ती बहुधा वाटेतल्या अशाच एखाद्या उपकरणामुळे. आयडल ६० आणि इंटरव्हल १० सेकंद ठेव. काउंटही देता येतो, पण विंडोजवर तो लागू होत नाही, तिथे दहा वेळा चाचपणी ठरलेली. म्हणजे मेलेली जोडणी तीनेक मिनिटांत उघडी पडते. टीसीपी यूजर टाइमआउटचंही तसंच. लिनक्सवर उत्तम (आकडा मिलिसेकंदात, बाकीचे सेकंदात, इथे हमखास घोळ होतो), विंडोजवर निरुपयोगी. आणि काट्यावरचे संगणक विंडोजचेच असतात, बाबा. म्हणून सेव्हचं काम पडद्यापासून वेगळ्या थ्रेडवर ने. दहा सेकंदांत उत्तर आलं नाही तर ऑपरेटरला मराठीत सांग, 'नोंद झाली की नाही कळलेलं नाही'.

'नोंद झाली नाही' असं मात्र लिहू नकोस. कमिट सर्व्हरवर पोचलं असेल आणि परतीचा निरोपच हरवला असेल. अशा वेळी आंधळेपणाने पुन्हा पाठवलंस तर एका ट्रकची दोन वजनं चढतात, आणि महिनाअखेर हिशेबनीस माझ्यासमोर येऊन बसतो. पावतीचा क्रमांक काट्यावरच तयार कर, त्यावर युनिक बंधन ठेव आणि 'ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग' वापर. मग खुशाल दहादा पाठव.

आता लॉग. प्रत्येक काट्याला ॲप्लिकेशन नेम दे, 'गेट-२-काटा' असं काहीतरी. सर्व्हरच्या लॉग लाइन प्रीफिक्समध्ये टक्के-ए घालून लॉग कनेक्शन्स चालू केलंस की कुठला काटा कधी जोडला गेला ते दिसतं. तुमच्या बाजूनेही जोडायला सुरुवात केली, जोडलं गेलं, तुटलं, एवढ्या नोंदी वेळेसकट कायम ठेव. पीक्यूट्रेस मात्र कायम चालू ठेवायची गोष्ट नव्हे. त्यात तारेवरून जाणारा प्रत्येक निरोप उतरतो, पार्टीचं नाव आणि दरासकट. अशा फायली ईमेलने मागवणारे मला अजिबात आवडत नाहीत. पासवर्डसह अख्खी कनेक्शन स्ट्रिंग लॉगमध्ये छापणारे तर त्याहून नाही.

हे सगळं केल्यावर तपासताना सर्व्हर बंद करू नकोस. लिनक्सवर आयपीटेबल्सने ५४३२ पोर्टवर 'ड्रॉप' लाव, 'रिजेक्ट' नको. विंडोजवर संगणकाची केबलही काढू नकोस, ती निघाल्याचं त्याला लगेच कळतं. राउटरची बाहेरून येणारी तार काढ आणि घड्याळ लावून बस. ऑपरेटरला किती सेकंदांनी काय दिसलं, तेवढं मला कळव. पुढची आवृत्ती आमच्या गेटवर घ्यायची की नाही, ते मी त्यावर ठरवीन.

दादाला सांग, रविवारी फोन करते.

तुझी,
आत्या