बांधावरची बाभूळ

शास्त्रवाचन : निर्गम २५:१०-१५

शेंद्रा परिसरातल्या कोरड्या माळावर बाभूळ न लावता उगवते. काट्यांमुळे तिला अंगणात जागा मिळत नाही. पण देवाने मोशेला कराराचा कोश करायला सांगितला तो बाभळीच्याच लाकडाचा : अडीच हात लांब, दीड हात रुंद, दीड हात उंच. आतून-बाहेरून सोने मढवायचे होते. कोश वाहून नेण्याचे दांडेही बाभळीचेच. सीनायच्या रानातली बाभूळ आपल्या बाभळीची नातलग आहे. रानात जे मिळते, तेच देवाने आपल्या कामासाठी घेतले.

आपल्याकडे याच कठीण लाकडाचे नांगर आणि बैलगाडीची चाके झाली. सालीने कातडे कमावतात, काडीने दात घासतात, डिंक औषधाला लागतो. काट्यांच्या फांद्यांचे कुंपण होते. उन्हाळ्यात गवत संपले की भूमिहीन कुटुंबाच्या शेळ्या तिच्या शेंगांवर आणि पाल्यावर तग धरतात.

आज शेंद्र्याच्या पुष्कळ शेतजमिनीवर कारखाने उभे आहेत. म्हणून उरलेल्या बांधावरची बाभूळ मोलाची आहे.

मनन : बांध साफ करताना कुऱ्हाड उचलण्याआधी विचारू या, या झाडावर कोणाच्या शेळ्या जगतात?