नाताळची भेट : फळांचे छोटे केक

दिवाळींत फराळाचें ताट शेजारीं जातें व तें रिकामें परत येत नाहीं, ही आपली जुनी रीत. नाताळांतही ख्रिस्ती घरांतून नेवऱ्या, कुलकुल व फळांचा केक यांचीं ताटें अशींच घरोघर जातात. केक मूळचा विलायती खरा. तथापि केरळांतील तलश्शेरी येथें मांबळ्ळी बापू ह्या बेकरीवाल्यानें १८८३ सालीं एका युरोपियन मळेवाल्याकरितां नाताळचा केक भाजला, अशी आठवण सांगतात. इतका तो आपल्याकडे जुना आहे.

भेट द्यावयाची असल्यास एका मोठ्या केकपेक्षां बारा छोटे केक बरे. मोठ्या केकच्या मध्यापर्यंत उष्णता पोंचण्यास दोन-तीन तास लागतात. छोटा केक अर्ध्या तासांत होतो. शिवाय तो कापावा लागत नाहीं व प्रत्येक घरीं अखंड जातो.

साहित्य : मैदा २०० ग्रॅम, बिनमिठाचें लोणी १५० ग्रॅम, साखर १५० ग्रॅम, अंडीं ३; बेदाणे, काळ्या मनुका, खजूर व साखरेंत मुरविलेली संत्र्याची साल मिळून २५० ग्रॅम; एका संत्र्याचा रस, बेकिंग पावडर १ चमचा, दालचिनी व जायफळ यांची पूड अर्धा चमचा, चिमूटभर मीठ.

कृति : आदल्या रात्रीं फळें बारीक चिरून रसांत भिजत घालावीं व झांकून फ्रिजमध्यें ठेवावीं. तशींच कोरडीं घातल्यास तीं पिठांतील ओलावा शोषून घेतात व केक रुक्ष होतो. दुसऱ्या दिवशीं तीं निथळून, मोजलेल्या मैद्यांतील दोन चमचे मैद्यांत घोळवावीं; म्हणजे तळाशीं सहसा बसत नाहींत. लोणी व साखर पांढरट, हलकें होईपर्यंत फेंसावें. ह्याच फेंसण्यानें त्यांत हवा कोंडली जाते. मग एकेक अंडें घालावें. शेवटीं मैदा, बेकिंग पावडर, मीठ, मसाला, फळें व उरलेला रस हलक्या हातानें मिसळावा. कागदी वाट्या पाऊण भरून, १६० अंश सेल्सिअस उष्णतेवर २५ ते ३० मिनिटें भाजाव्या. मध्यें खुपसलेली काडी कोरडी निघाली कीं केक झाला.

येथेंच काम संपलें असें समजूं नये. मी शाळेंत असतांना एके वर्षीं आम्हीं केक भाजले आणि वाटण्याच्या घाईंत ते गरम असतांनाच कागदांत गुंडाळून पांच घरीं दिले. तिसऱ्या दिवशीं घरांतला राहिलेला केक उघडला, तों त्यावर बुरशी! कोंडलेल्या वाफेचें पाणी झालें होतें, त्याचा हा परिणाम. आईनें मला पांचही घरीं सांगावयास धाडलें. समोरच्या काकूंनीं डबा उघडून दाखविला; केक तसाच होता. नातू सुटींत येणार, म्हणून त्यांनीं तो त्याच्याकरितां राखून ठेवला होता! त्या मुळींच रागावल्या नाहींत. रागावल्या असत्या तर बरें झालें असतें. त्याच रात्रीं आम्हीं पुन्हां फळें भिजत घातलीं. ह्या वेळीं केक जाळीवर पूर्ण निवेपर्यंत त्यांना कोणी हात लावला नाहीं, व नातू येण्यापूर्वीं काकूंचा डबा भरला.

म्हणून विद्यार्थी मित्रहो, केक भाजतांना ओव्हनपाशीं वडील माणूस असूं द्या, आणि तो पुरता निवल्यावरच गुंडाळा. वर चिठ्ठी लावून केल्याची तारीख लिहा, आणि अंडें, गहूं व दूध आहे हेंही लिहा. कोणी अंडें खात नसतो, कोणास एखादा पदार्थ बाधतो. रसांत भिजविलेल्या फळांचे हे केक तीन दिवसांत संपवावे, हेंही सांगा. खाण्याची वस्तु घेणारा ती तपासून घेत नाहीं. देणाऱ्यावर विश्वासून तोंडांत घालतो. त्या विश्वासास जागणें, हाच ह्या कृतींतला शेवटचा जिन्नस होय.